दहा सत्तावीसची अचानक भेट

आमच्या घरी यायचं असेल तर आधीच सांगून ठेवतो. माझी बायको तुमच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघेल. आधी दाराशी काढलेल्या चपला, मग हातातली पिशवी, मग शर्टाची बाही, मग नखं, आणि एवढी तपासणी झाली की ‘या ना, बसा’. माझा साडू एकदा नवे बूट घालून आला, तर पाणी द्यायच्या आधी हिने विचारलं, नवी नोकरी लागली का? त्याने ती बातमी जेवण झाल्यावर ऐटीत सांगायची म्हणून राखून ठेवली होती. तो अजून आमच्याकडे येताना जुने बूट घालतो.

तिचा दोष नाही, नोकरीचा आहे. ही देखरेख अधिकारी. शिक्षा भोगून सुटलेली माणसं बाहेर आल्यावर नीट राहतात का, घातलेल्या अटी पाळतात का, हे बघायचं. नोकरीला सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची अकरा फक्त लैंगिक गुन्ह्यांतल्या माणसांवर. हे काम कोणी मागून घेत नाही. तिच्याकडे ते आलं, कारण आधीच्या अधिकाऱ्याने दोन महिन्यांत बदली मिळवली आणि ही नाही म्हणायला विसरली. नातेवाइकांनी विचारलं की ती म्हणते, सरकारी नोकरी आहे, फायली असतात. विषय संपतो. मी बस डेपोत वेळापत्रक विभागात आहे. माझ्या कामाबद्दल मात्र जो तो बोलतो, तेही तोंडात येईल ते.

इतक्या वर्षांत तिच्या कामाच्या रीती मला पाठ झाल्या. ‘काही अडचण नाही ना?’ असं ती विचारत नाही. त्याला ‘नाही’ एवढंच उत्तर असतं. ‘काल उठल्यापासून सांगा’ म्हणते आणि गप्प बसते. समोरचा गप्प झाला तरी हिची घाई नाही. त्याला लाज आणायची नाही, कारण लाजवलेला माणूस लपायला शिकतो, आणि लपला की आपण आंधळे. त्याच्याशी दोस्ती नको आणि दुष्मनीही नको. तो सांगेल ते दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळायचं, मालकाकडून, बहिणीकडून, शेजाऱ्याकडून. त्याच्या दिवसात काही नवं दिसलं, नवी वस्तू, नवी ओळख, अचानक आलेला आनंद, की थांबून विचारायचं. आणि घरी जायचं ते न सांगता. माणूस खोटं लगेच बोलतो, पण खोलीला खोटं बोलायला वेळ लागतो, असं ती म्हणते. तो वेळ मिळू द्यायचा नाही.

आणखी एक रीत होती. टोपणनाव ठेवायचं नाही. कचेरीतले बाकीचे सर्रास ठेवतात. ही म्हणायची, नाव ठेवलं की तो एक तर राक्षस होतो नाही तर लाडका, आणि दोन्ही वेळी आपण बघायचं सोडतो. म्हणून घरात कधी विषय निघालाच तर चौदा नंबर, तीस नंबर. त्यापलीकडे मला काही कळू द्यायची नाही, आणि मलाही ऐकायची हौस नव्हती.

पण गेल्या वर्षभरात एक जण ‘बाइंडर’ झाला होता. पुढे पुढे ‘आपला बाइंडर’. मी एकदा चिडवलंही, की आपला कधीपासून? ती हसली आणि कुकर लावायला गेली. तेव्हाच मी नीट भांडायला हवं होतं.

हा बाइंडर पंचावन्नच्या आसपासचा. पूर्वी घरी शिकवण्या घ्यायचा, आणि तिथेच मुलांशी वाईट वागला. नऊ वर्षं आत होता, तीन वर्षांपूर्वी सुटला. आता एका छापखान्यासाठी खोलीत बसून वह्या बांधायचा. अटी साध्या होत्या. कुठल्याही मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. शिकवायचं नाही. इमारतीत कोणी मूल राहायला आलं तर चोवीस तासांत कळवायचं. तीन वर्षांत एकही चूक नाही. बोलावलं की पाच मिनिटं आधी हजर. बाकीचे तिला शिव्या घालत, दार उघडत नसत, फोन बंद ठेवत. हा चहा पुढे करायचा. थकलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

त्याचा अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. त्यात हिने ‘समाधानकारक’ लिहून सही केली की महिन्यातून दोनदा होणाऱ्या भेटी तीन महिन्यांतून एकदा होणार होत्या. सही न करायला काही कारण नव्हतं. आणि सोमवारपासून ही घरात एका जागी बसत नव्हती.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर ती घरात उगाच चालणाऱ्या माणसाची. ही स्वयंपाकघरातून खिडकीपाशी, खिडकीपासून कपाटापाशी. कपाटातले टॉवेल तीनदा घड्या करून झाले. मंगळवारी भाजीत दोनदा मीठ पडलं. मी पाणी पीत राहिलो. शेवटी लेकीने फोनवर विचारलं, बाबा, आई माझ्याशी बोलताना चालतेय का? इतक्या लांबून तिला ऐकू येत होतं.

‘काहीतरी राहिलंय,’ ही म्हणायची. ‘काय ते सापडत नाही.’

बुधवारी तिने अर्धी रजा काढली, घरी बसून अहवाल लिहायचा म्हणून. माझी दुपारची पाळी होती. सकाळी सव्वानऊला तिने तिची भेटींची वही माझ्यापुढे टाकली. म्हणाली, तुम्ही मोठ्याने वाचा, मी चालते, ऐकताना काही सापडलं तर बघू. असं तिने कधीच केलं नव्हतं. वहीत नाव नव्हतं, पत्ता नव्हता, फक्त नंबर. तरी हे नियमात बसत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. इतकी ती टेकीला आली होती.

मी वाचायला लागलो. तारीख, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, काय दिसलं. खोली स्वच्छ. टेबलावर अकरा वह्या, गोंद, दोरा. चहा तयार. बहिणीचा फोन आला होता असं सांगतो, बहिणीकडून खात्री केली. पुढची भेट, चहा तयार. त्याच्या पुढची. दिवस वेगळे, कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी लागोपाठ दोन दिवस. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हिने खरोखर डोकं लावून भेटी विस्कटल्या होत्या.

पण माझं डोकंही एकाच कामात झिजलंय. मला तारखा दिसत नाहीत, मिनिटं दिसतात. दहा सत्तावीस. तीन अठ्ठावीस. नऊ सव्वीस. अकरा सत्तावीस. चार सत्तावीस. मी वाचायचा थांबलो आणि बोट खाली खाली नेत फक्त वेळा बघत गेलो.

‘या अचानक भेटी आहेत ना?’ मी विचारलं.

‘हो. का?’

‘मग तू प्रत्येक वेळी सत्तावीस मिनिटांनीच कशी पोचतेस?’

ती थांबली. मी तिला विचारलं, कुठल्या बसने जातेस? तिने सांगितलं. त्या मार्गावर तासाला एक बस, आणि त्याच्या घरापाशी, बेकरीसमोरच्या थांब्यावर, ती तासावर वीस मिनिटं झाली की येते. नऊ वीस, दहा वीस, अकरा वीस. मला सांगावं लागत नाही, कारण ते वीस मीच बसवलेत. अख्ख्या डेपोत कधीही न चुकणारा तो एकच मार्ग, आणि तो माझा म्हणून मी लोकांना ऐकवत असतो. उतरून रस्ता ओलांडायचा, दोन जिने चढायचे, हिचा गुडघा दुखरा. सात मिनिटं.

‘त्याची खिडकी कुठे उघडते?’

 थांब्यावरच उघडत असणार, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तीन वर्षं ती सांगितल्याशिवाय जात होती, आणि तीन वर्षं माझी बस तिच्या आधी जाऊन निरोप देत होती. त्या खोलीला दर वेळी सात मिनिटं मिळत होती. त्यात चहासुद्धा उकळून होतो.

‘चहा नव्हता असं कधी लिहिलंय का बघा,’ ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

मी पानं उलटली. एकदाच होतं. सहा आठवड्यांपूर्वी, अकरा एक्केचाळीस. त्या दिवशी साहेब बैठकीला चालले होते आणि त्यांनी कचेरीच्या गाडीने हिला कोपऱ्यावर सोडलं होतं. मी वाचलं : ‘चहा नाही. डोक्याला घाम, वह्यांचे गठ्ठे उचलत होतो म्हणतो. जिन्यात लहान मुलगी भेटली, हातात वह्या. विचारल्यावर, वरच्या मजल्यावरच्यांची नात, सुट्टीला आलेली, असं सांगतो.’

पुढे काही नव्हतं. वरच्या मजल्यावर जाऊन विचारल्याची नोंद नव्हती. दुसऱ्या कोणाचं असतं तर ती दोन जिने काय, चार चढून गेली असती.

ती खुर्चीवर बसली. सोमवारपासून पहिल्यांदाच बसली, आणि मला वाटलं, चालत होती तेच बरं होतं. एक मिनिटही झालं नसेल. उठली, साहेबांना फोन लावला, दोन वाक्यांत सांगितलं. गाडी नाही आणि बरोबर यायला माणूस नाही, असं पलीकडून आलं, पोलीस ठाण्याला कळवतो म्हणाले. तिने चप्पल घातली. मी स्कूटरची किल्ली घेतली. तुम्ही वर येणार नाही आहात, असं तिने मला लिफ्टमध्ये बजावलं.

आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि स्कूटरवर मागे बसून ही आजवर एकच शब्द बोललीय, ‘हळू’. त्या दिवशी ‘जोरात’ म्हणाली.  सिग्नलला उभे असताना मी घड्याळ बघत होतो, ती माझ्या खांद्यावरून तेच घड्याळ बघत होती. नऊ अठ्ठावन्नला आम्ही बेकरीच्या मागच्या गल्लीत शिरलो. तिने भिंतीच्या कडेकडेने जाऊन फाटक गाठलं, पहिल्या पायरीवर चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी वर गेली. जिन्याखाली एक छोटी सायकल उभी होती, हँडलला रिबिनी बांधलेली.

मी उभा. असं उभं राहणं मला जमत नाही. कान वर लावून होतो, आवाज काही नव्हता, आणि आवाज नाही म्हणजे चांगलं की वाईट हेच कळेना.  बेकरीतला एक जण मला दोनदा विचारून गेला, कोणाकडे आलात? मी म्हटलं, बसची वाट बघतोय. तो म्हणाला, थांबा तिकडे आहे.

मग जिन्यात पावलं वाजली. पुढे एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, छातीशी वही धरलेली. मागे ही. हिचा चेहरा दगडी झाला होता, पण मुलीशी बोलताना आवाज मऊ होता. आईचा फोन नंबर येतो का पाठ, शाब्बास, इथे उन्हात पायरीवर बस, मी फोन करते. मी दोन पावलं पुढे झालो तशी ती मला म्हणाली, ‘तुम्ही तिकडे. फाटकापाशी.’

मी तिचा नवरा. तरी तिकडे. क्षणभर मला लागलं, खोटं कशाला बोलू. मग कळलं, की त्या घडीला त्या मुलीजवळ कुठलाही पुरुष नको होता, आणि ती माणूस बघून नियम बदलायला आता तयार नव्हती. एकदा बदलला होता तेवढा बस झाला. मी फाटकाला टेकून उभा राहिलो. वर बघितलं. खिडकीत तो उभा होता, हात गजांवर. आमच्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होता.

ही फोनवर होती, पाठ आमच्याकडे. मुलीने वही मांडीवर उघडली, एक गणित केलं, पेन्सिल तोंडात घातली. मग तिने मला विचारलं, त्या काकू रागावल्यात का? मी म्हटलं, तुझ्यावर मुळीच नाही.

‘पण अजून बस आली नाही,’ ती म्हणाली.

‘कुठली बस?’

‘बस आली की तास संपतो. मग मी लगेच खाली जायचं. आमचा नियम आहे तो.’

दहा वीस झाले. वळणावरून माझी बस आली, एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. थांब्यावर उभी राहिली, दोन माणसं उतरली, गेली. मुलीने वही मिटली आणि उठून उभी राहिली. मी तोंड फिरवलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत बस वेळेवर आल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. मुलीची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात सकाळपाळीला असते, ती ओल्या हातांनी धावत आली. मायलेकी दोन महिन्यांपूर्वी तळमजल्यावर राहायला आल्या होत्या. त्याने कळवलं नव्हतं, आणि घरमालकाला त्याचं सगळं माहीत असून त्याने भाडेकरू ठेवताना तोंड उघडलं नव्हतं. मुलांशी बोलायचं शिक्षण घेतलेल्या एक बाई मुलीशी तीन दिवस सावकाश बोलल्या. गणितं, बिस्किटं, आणि एक गुपित, एवढंच निघालं. तो तिला म्हणायचा, वर्गात पहिली आलीस की आईला एकदम सांगू, तोवर इथे येतेस ते सांगायचं नाही. त्याच्या जुन्या खटल्याची फाईल याच तीन गोष्टींनी सुरू होते. पुढच्या पानांपर्यंत तो अजून पोचला नव्हता. तो आता परत आत आहे.

हिने दार वाजवलं, तेव्हा त्याने दार उघडून काय म्हटलं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि अहवालातही जसंच्या तसं लिहिलं. ‘मॅडम, आज लवकर आलात.’ न सांगता येणाऱ्या माणसाला लवकर आणि उशिरा कुठलं?

अहवाल शुक्रवारीच दिला. त्यात एक वाक्य होतं : ‘देखरेख अधिकाऱ्याच्या भेटी प्रत्यक्षात अचानक नव्हत्या, आणि मुलगी दिसूनही अधिकाऱ्याने पडताळणी केली नाही.’ साहेब चांगला माणूस. तो म्हणाला, हे खोडा, तुम्ही वेळेत पोचलात, तेवढं पुरे आहे, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला? ही म्हणाली, वेळेत मी नाही पोचले, नवरा मिनिटं बघणारा निघाला म्हणून पोचले. वाक्य राहिलं. तिची एक वेतनवाढ अडली, चौकशी झाली, काम मात्र तिच्याकडेच राहिलं, कारण दुसरं कोणी घेईना. आता नवे अधिकारी आले की ती पहिल्या दिवशी त्यांना तीच वही दाखवते. म्हणते, त्यांच्या सवयी नंतर शोधा, आधी स्वतःच्या शोधा. जो सगळं नीट करतो त्याच्याकडे दोनदा जा. ती स्वतः आता कधी दोन थांबे आधी उतरते, कधी पलीकडच्या रस्त्याने येते, कधी मला ‘आज सुट्टी घ्या, स्कूटर काढा’ म्हणते. गुडघ्याची वाट लागलीय.

हे सगळं ती चोख करते. पण मुलीच्या आईने कचेरीत येऊन जे विचारलं, त्याचं तिला काही करता आलेलं नाही. ती बाई आरडाओरडा करायला आली नव्हती. समोर बसली आणि म्हणाली, ‘माझी मुलगी सांगते, एकदा जिन्यात एका काकू भेटल्या होत्या. त्यांनी हसून तिला वाट दिली. त्या तुम्हीच ना?’

‘हो,’ ही म्हणाली. ‘मीच.’

बाई उठली. जाताना म्हणाली, घरी येत जा. मुलीशी कसं बोलायचं, काय विचारायचं आणि काय नाही, ते मला कळत नाही. तुम्हाला कळतं. हे ऐकून घरी आलेली बायको मी पहिल्यांदाच हमसून रडताना पाहिली. मला धीर देता येईना. मी तिच्या शेजारी बसलो आणि माझेही डोळे भरून आले.

म्हणून ती महिन्यातून एकदा तिथे जाते, तिच्या कामाचा भाग म्हणून नाही. तळमजल्यावरच्या त्या खोलीत टेबल खिडकीशी लावलंय, आई भाजी निवडत बाजूलाच बसते, मुलगी अभ्यास करते. गेल्या रविवारी मी हिला आणायला गेलो. ती बाहेर आली, मागे बसली, आणि ‘हळू’सुद्धा म्हणाली नाही. बरंच अंतर गेल्यावर बोलली.

मुलगी गणित करत होती म्हणाली. अर्धं झालं होतं. बाहेर बस थांबल्याचा आवाज आला, तशी तिने पेन्सिल ठेवली, वही मिटली, उठली आणि दारापर्यंत गेली. दाराशी उभी राहून तिने आईकडे बघितलं. मग तिच्या लक्षात आलं की ती घरीच आहे. ती परत येऊन बसली आणि तिने वही उघडली.

‘किती वाजले होते?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘चार वीस,’ ती म्हणाली.